तीनशे किलो साधं भडंग

व्यवस्थापनशास्त्राचं पुस्तक उघडलं की पहिल्या धड्यात एक सुतार भेटतो. तो टेबलं करतो, खुर्च्या करतो आणि त्याला लाकूड कमी पडतं. आहे तेवढ्या मालात जास्तीत जास्त नफा कसा काढायचा, या गणिताला म्हणतात लिनिअर प्रोग्रॅमिंग. सांगलीत बसून त्याच्या लाकडाची काळजी मी का करावी? म्हणून मी भडंग घेतो. इथं निदान चूक झाली तर खाता येते.

दोन प्रकार धरू. साध्या भडंगाला किलोमागे १०० ग्रॅम शेंगदाणे आणि कढईची २ मिनिटं. स्पेशलला २५० ग्रॅम आणि ३ मिनिटं. नफा किलोला अनुक्रमे ४० आणि ७० रुपये. दिवसाला शेंगदाणे ३० किलो आणि कढई आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. (आकडे हिशोबाला सोपे म्हणून घेतलेत. गणपती पेठेतल्या कुणी मनाला लावून घेऊ नये.) कुठलं किती करायचं?

स्पेशलला जास्त सुटतं, तेव्हा सगळं स्पेशल करा, असं कुणीही सांगेल. १२० किलोला शेंगदाणे संपतात, नफा ८,४०० आणि कढई दोन तास रिकामी. सगळं साधं केलं तर २४० किलो, ९,६०० रुपये आणि सहा किलो शेंगदाणे शिल्लक. ते संध्याकाळपर्यंत येता-जाता संपतात, त्याचा वेगळा हिशोब नको. खरं उत्तर १५० किलो साधं, ६० किलो स्पेशल, नफा १०,२००.

हे उत्तर एक्सेलमधला सॉल्व्हर (घातलेल्या मर्यादांत बसणारं सर्वांत चांगलं उत्तर शोधणारी सोय) काढतो, पण आधी तो सापडावा लागतो. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, तळाशी 'गो', मग सॉल्व्हरवर टिक. की साहेब डेटा टॅबच्या पार उजव्या टोकाला येऊन बसतात. शीट साधी आहे. बी-२ आणि सी-२ मध्ये किलो. ते सॉल्व्हर भरणार. तिसऱ्या ओळीत नफा, चौथीत शेंगदाणे, पाचवीत मिनिटं. डी-३ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचं समप्रॉडक्ट (जोडीजोडीनं गुणून केलेली बेरीज) लिहून ते खाली ओढायचं. ओढण्याआधी दुसऱ्या ओळीच्या पत्त्यावर एफ-४ दाबून डॉलर लावायचा, म्हणजे तो पत्ता जागचा हलत नाही. नाही लावला तर फॉर्म्युला एकेक ओळ खाली सरकतो आणि डी-५ मध्ये शेंगदाणे गुणिले मिनिटं असं काहीतरी येतं. मग शेंगदाणे आणि मिनिटं किलोंवर अवलंबूनच राहत नाहीत, मर्यादा लागू होत नाही आणि नफा कुठं थांबतच नाही अशी तक्रार सॉल्व्हर करतो. पद्धतीच्या खान्यात आधीपासून जीआरजी नॉनलिनिअर असतं, ते बदलून सिंप्लेक्स एलपी, म्हणजे सरळ रेषेतल्या गणिताची पद्धत, करायचं. आणि घाऊक सवलतीसाठी फॉर्म्युल्यात 'इफ' घुसडलात, तर गणित सरळ रेषेत राहिलं नाही म्हणून तो काम थांबवतो. तो बोलतो ते अशा वेळी.

बाकी वेळी गप्प राहून घात करतो. समजा, साध्याच्या शेंगदाण्यांच्या सेलमध्ये कुणी हौसेनं ०.१ च्या पुढं 'किलो' टाइप केलं. झालं, आकड्याचा मजकूर झाला आणि समप्रॉडक्ट मजकुराला शून्य धरतं. आता साध्या भडंगाला शेंगदाणे फुकट! उत्तर येतं: साधं ६०, स्पेशल १२०, नफा १०,८००. सहाशे रुपये वाढले म्हणून लोक खूश होतात. प्रत्यक्षात माल करायला बसलं की शेंगदाणे लागतात ३६ किलो. नुसता आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डावीकडे. एवढं बघायची सवय लागली तरी निम्मा कोर्स वसूल.

उत्तरासोबत सॉल्व्हर देतो तो सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मात्र वाचण्यासारखा असतो. त्यात शॅडो प्राइस दिसते: शेंगदाण्याला १०० रुपये, मिनिटाला १५. म्हणजे एक किलो शेंगदाणे आणखी मिळवायला नेहमीच्या भावाच्या वर शंभरपर्यंत मोजले तरी परवडतं, आणि कढईचा एक जादा तास ९०० रुपयांचा. कामगाराला जादा तासाचे तीनशे द्यायचे असतील तर खुशाल थांबवून घ्या. पण त्यापुढचे रकाने वाचल्याशिवाय नाही. तिथं लिहिलेलं असतं, वाढ फक्त १२० मिनिटांपर्यंत. तिसऱ्या तासाला कवडीही सुटत नाही, कारण तोवर शेंगदाण्यांनी हात वर केलेले असतात.

आणि ते दोन तास दिल्यावर सॉल्व्हर काय म्हणतो? साधं ३००, स्पेशल शून्य, नफा १२,०००. ज्या स्पेशलसाठी विश्रामबागेतून लोक गाडी घेऊन येतात ते बंद! दुकानवाले मामा हे ऐकून नुसते बघत राहतात. तीनशे किलो साधं रोज घेणार कोण, हेही शीटमध्ये कुठं लिहिलेलं नाही. अख्ख्या पेठेला माहीत असलेली गोष्ट लिहायची कशाला, असं वाटतं, आणि नेमकी तीच राहते. 'ऋण संख्या नकोत' ही टिक काढून अकरा तास दिले, तर तो ३७५ किलो साधं आणि उणे ३० किलो स्पेशल करायला सांगतो. म्हणजे तयार स्पेशल मोडून साडेसात किलो शेंगदाणे वेचून काढायचे, शिवाय कढईची दीड तास मेहनतही परत घ्यायची.

यात आपणच तेवढे वेंधळे, असं नाही. सिंप्लेक्स पद्धत अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली काढली. पहिली मोठी चाचणी होती स्वस्त आणि पोषक आहाराची: ७७ पदार्थ, ९ पोषकद्रव्यं आणि हातानं चालवायच्या यंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवसांची आकडेमोड. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी आधी अंदाजानं वर्षाचा खर्च ३९.९३ डॉलर काढला होता; उत्तर आलं ३९.६९. चोवीस सेंट वाचले. पुढं डँट्झिग यांनी स्वतःचं वजन उतरवायला संगणकाला आहार विचारला, तर त्यात ५०० गॅलन व्हिनेगर निघालं, म्हणजे सुमारे १,९०० लिटर! पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पाणी वगळून खाण्याचं वजन जास्तीत जास्त ठेवायचं होतं आणि तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य लिहिलेलं. व्हिनेगर काढून टाकलं, तर दिवसाला दोनशे सूपच्या वड्या आल्या. मिठाला वरची मर्यादा घालायची राहिली होती.

तेव्हा मामांसाठी एक ओळ वाढवा: स्पेशल किमान ४० किलो. दहा तासांत आता साधं २००, स्पेशल ४०, नफा १०,८००. कढईला ५२० मिनिटं पुरतात, म्हणजे जादा वेळ चाळीसच मिनिटं. नव्या ओळीची शॅडो प्राइस उणे ३०. दुकानाचं नाव राखायला स्पेशलच्या किलोमागे तीस, दिवसाला १,२०० रुपये. मामांना हा आकडा अजिबात जड वाटत नाही. ते लगेच विचारतात, "मग दिवाळीत किती रे?" इथं रिपोर्टकडं बघून उत्तर देऊ नका. तो छापील पत्रिकेसारखा असतो, मूळ शीटमध्ये काहीही बदललं तरी त्यातले आकडे हलत नाहीत. दिवाळीचे शेंगदाणे, दिवाळीचे तास भरा आणि पुन्हा सॉल्व्ह दाबा.