‘नेमबाजी येईना, चेंबर वाकडं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली. उत्तराला तीन आठवडे लागले ते त्या वहीमुळे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माझ्या .308 टार्गेट रायफलचा थ्रोट 200 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब गोळ्यांसाठी वाढवून घेतला आणि तेव्हापासून 155 ग्रेनच्या गोळ्या नीट ग्रुप देईनाशा झाल्या, म्हणजे भोकं जवळजवळ पडेनाशी झाली. (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रायफलिंग म्हणजे नळीतल्या पीळदार खाचा. चेंबरमध्ये काडतुसाची मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग, संपते तिथून रायफलिंग सुरू होईपर्यंतचा गुळगुळीत बोळ म्हणजे थ्रोट.) पुरावा म्हणून पाच-पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपचे फोटो टाकले होते. कोल्हापुरात पॉइंट बावीस (.22) रायफल मारणाऱ्या तुम्ही त्यावर तीन आक्षेप घेतलेत : पाच गोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, काडतूस भरताना गोळी रायफलिंगला टेकवून बसवा असं मी बिनधास्त लिहिलं, त्यातला धोका सांगितलाच नाही, आणि हे सगळं पैसेवाल्यांचं खूळ आहे, तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती काय थ्रोट मोजत बसून? वर तो शीर्षकातला टोमणाही. (तो आवडला, म्हणून ढापला.)

आधी दुसरा आक्षेप, कारण तिथे मी सरळसरळ चुकलो. काडतुसातली गोळी रायफलिंगपासून थोडी मागे असली की सुटताना तिला जरा मोकळी धाव मिळते. ती आधीच टेकलेली असेल तर ती धाव नाही, आणि दाब लवकर व जास्त चढतो. म्हणजे मागे बसवलेल्या गोळीसाठी ठरवलेली पावडर तशीच ठेवून गोळी पुढे टेकवायची नाही. पावडर खाली आणून पुन्हा पायरीपायरीने वर यायचं. हे वाक्य मूळ लेखात पहिल्या परिच्छेदात हवं होतं. आता टाकलं आहे.

टेकवण्याचा आणखी एक ताप आहे, तो मी स्वतः भोगलाय. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर एकदा काडतूस आत असताना ‘अनलोड’चा हुकूम आला. बोल्ट ओढला, तर पुंगळी बाहेर, गोळी नळीत अडकलेली आणि पावडर ट्रिगरमध्ये सांडलेली. शेजारचे आजोबा एक अक्षर बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आता तुमच्या पॉइंट बावीसकडे येतो, कारण तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर तुमच्याच हातात आहे. मॅच रायफलचं बावीसचं चेंबर असं कापलेलं असतं की काडतूस आत ढकलतानाच शिशाची गोळी रायफलिंगला टेकते, तिच्यावर ओरखडे उमटतात. न मारलेलं काडतूस काढून बघा. म्हणजे थ्रोट आणि गोळी जुळवण्याचं काम झालेलंच असतं, फक्त ते रायफल बनवणाऱ्याने केलेलं असतं. उरलेली जुळवणी तुम्ही लॉट टेस्टिंगने, म्हणजे काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा मारून बघून, करता. इली या काडतूस कंपनीच्या बर्मिंगहॅमला किंवा लापुआ कंपनीच्या शोनेबेकला रायफल शिकंज्यात धरून एकेक लॉट मारून बघतात, ते काय वेगळं आहे? तुम्ही नळीसाठी गोळी शोधता. मी गोळीसाठी नळी कापायला निघालो होतो. खूळ असेल तर दोघांचं, माझं जरा महागडं.

तरी मी कापायला का निघालो? हाव. टार्गेट रायफल प्रकारात, म्हणजे हाताला स्लिंग (रायफलचा पट्टा) लावून, बिनदुर्बिणीच्या साइट्सवर मारताना, .308 ची गोळी 156 ग्रेनपेक्षा हलकीच असावी लागते. एफ-टीआर या दुसऱ्या प्रकारात बायपॉड (दोन पायांचा टेकू), दुर्बीण आणि गोळी कितीही जड चालते. मला एकाच रायफलवर दोन्ही हवं होतं.  थ्रोट आखूड असेल तर 200 ग्रेनच्या गोळीचं बूड पुंगळीच्या मानेखाली पार आत जातं आणि पावडरची जागा खातं. लांब असेल तर आखूड 155 ला रायफलिंगपर्यंत पोचायला इतकं पुढे यावं लागतं की मानेची पकडच राहत नाही. .308 ची मानच जेमतेम 0.3 इंचाची. माझ्या वाढवलेल्या थ्रोटमध्ये 155 टेकवली की मानेत फक्त 90 थाऊ उरायचे. (चिंचवडच्या टूलरूममधली सवय, जात नाही. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) अशी गोळी हातात घेतली तरी डुगडुगते. नीट पकडीत बसवली तर रायफलिंगपर्यंत 110 थाऊंची उडी.

या उडीनेच ग्रुप फाटतात, असा माझा दावा होता, आणि इथे तुमचा पहिला आक्षेप येतो. पाच गोळ्यांचे ते फोटो होते 0.6 आणि 1.1 इंचांचे. तुमच्या टोमण्यानंतर 100 यार्डांवर पुन्हा बसलो. दोन जातींच्या 155 गोळ्या, प्रत्येक जात लहान उडीने आणि मोठ्या उडीने, दर वेळी पाच-पाचचे चार ग्रुप. एकूण 80 गोळ्या, दोन शनिवार, आणि घरचे टोमणे वेगळे.

सौम्य वळणाच्या, जुन्या धाटणीच्या नाकाची गोळी : सरासरी 0.70 आणि 0.74 इंच. म्हणजे फरक नाहीच. 110 थाऊंची उडी तिने मुकाट्याने पचवली. मागच्या लेखातला दावा मी हिच्यावरही लादला होता, तो मागे घेतो.

बर्जर कंपनीची व्हीएलडी गोळी, जिचं नाक गोळीच्या अंगाला कोन करून मिळतं : 0.68 आणि 1.05. हिला उडी सोसली नाही, निदान माझ्या नळीत. अशा गोळ्या कुठे खूश होतील याचा नेम नसतो. म्हणून खुद्द बर्जर कंपनीच सांगते की दोन-दोन थाऊंनी चाचपडू नका, दहापासून एकशेतीस थाऊंपर्यंत मोठ्या पावलांनी बघा. मी चाचपडलो होतो.

थोडक्यात, थ्रोट कापायचाच असेल तर हट्टी गोळीसाठी कापावा, आणि तीच गोळी नळी मरेपर्यंत मारणार असाल तरच. बाकीच्यांसाठी गोळी बदला. तो खर्च एका डब्याचा आहे. शिवाय नेमका कापलेला थ्रोट तरी कुठे जागेवर राहतो? गरम वायूने पोलाद झिजतं आणि रायफलिंग पुढे सरकत जातं. माझ्या वहीत पंधराशे गोळ्यांत बारा थाऊंची नोंद आहे. म्हणून आकड्यापुढे मी तारीख घालतो. गेल्या वर्षीच्या मापाने आज गोळी बसवली तर ती मी समजतो तिथे टेकत नाही.

तुमचा एक उपप्रश्न होता : रायफलिंगपर्यंतचं माप दर वेळी पाच थाऊंनी वेगळं येतं, मग विश्वास कशावर? रॉडने गोळी पुढे सरकवताना हाताचा जोर बदलतो, त्याचा हा खेळ. मी एकाच गोळीने पाचदा मोजतो, तीन मापं जवळ आली की तेवढंच धरतो. माप नेहमी नाकाच्या फुगीर भागावरून, कम्पॅरेटर (त्या भागावर टेकणारं मोजायचं साधन) लावून. टोकावरून नाही, कारण टोकं डब्यातल्या डब्यात लहानमोठी असतात.

कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. नळी मागून कापून नवं चेंबर घालता येतं, पण 2300 गोळ्या झालेल्या नळीवर तो खर्च करावासा वाटत नाही. नवी नळी आली आहे, खोक्यात आहे. एफ-टीआरचं खूळ सोडायचं की दुसरी रायफल घ्यायची, हे घरी ठरत नाही तोवर रीमर (चेंबर कापायचं हत्यार) मागवलेला नाही.

तुमच्या लॉट टेस्टिंगचे जुने टार्गेट कागद असतील तर जरूर पाठवा. प्रत्येकी दहा गोळ्यांचे तरी असावेत, एवढीच अट.