‘अपाची’चा शिक्का म्हणजे आयएसआय मार्क नव्हे

मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या ‘अपाची’ या संस्थेच्या नावाबद्दल सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक दावा गेली कित्येक वर्षं फिरतोय. नवीन काही निवडायची वेळ आली की कुणीतरी तो हमखास पुढे सरकवतं: “नावाआधी अपाची आहे ना? म्हणजे अपाचीनेच बनवलंय, त्यांनी तपासलंय, मागे पैसा आहे आणि ते बंद पडणार नाही. फक्त ‘इन्क्युबेटिंग’ लिहिलेलं असेल ते टाळा, ते कच्चं असतं.” आमच्या ऑफिसात तर तुलनेच्या एक्सेल शीटमध्ये ‘अपाची: हो/नाही’ असा रकानाच होता, आणि ‘हो’ला पाच गुण. (बाकीच्या महाराष्ट्राला अपाची म्हटलं की टीव्हीएसची बाईक आठवते. तो गैरसमज त्यामानाने निरुपद्रवी.)

दाव्याचा एकेक धागा सुटा करून पाहू.

“अपाचीनेच बनवलंय.” बहुतेक वेळा नाही. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन १९९९ साली वेब सर्व्हरभोवती उभं राहिलं, हे खरं. पण आज ज्या नावांवर नोकऱ्यांच्या जाहिराती निघतात ती बहुतेक बाहेरून आलेली आहेत. काफ्का लिंक्डइनमधून आलं, स्पार्क बर्कलीच्या विद्यापीठातून, एअरफ्लो एअरबीएनबीतून, फाल्कन आपल्या बंगळूरच्या इनमोबीतून. २००२ पासून अशा बाहेरच्यांसाठी इन्क्युबेटर नावाचं दार आहे. तिथे आलेल्या प्रकल्पाला पॉडलिंग म्हणतात, आणि पूर्ण प्रकल्पाचा दर्जा मिळेपर्यंत त्याच्या नावापुढे ‘इन्क्युबेटिंग’ लिहिलेलं असतं.

याच्या उलटाही घोळ होतो. ‘अपाची लायसन्स’ (कोड वापरण्याच्या अटींचा मसुदा) दिसलं की तो अपाचीचा प्रकल्प, असं धरून चालणारे मी मोजायचे सोडून दिलेत. ते लायसन्स कुणीही वापरू शकतं. इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर अनेक वर्षं त्याच लायसन्सखाली होतं, पण मालकी कंपनीची. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने लायसन्स बदलायचं जाहीर केलं आणि ‘हे तर अपाचीचं आहे’ म्हणणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. गंमत अशी, की ज्याच्या पायावर इलास्टिकसर्च उभं आहे ते ल्युसीन खरोखरच अपाचीचा प्रकल्प. त्याचं लायसन्स आहे तिथेच राहिलं.

“त्यांनी तपासलंय.” सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबतो. काय तपासतात? पॉडलिंगची प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी मतदान होतं, आणि इन्क्युबेटर समितीच्या सदस्यांची किमान तीन होकारार्थी मतं लागतात. मत देणारा पाहतो ते हे: लायसन्स आणि नोटिशीच्या फायली जागेवर आहेत का, दुसऱ्याचा कोड परवानगीशिवाय घुसलाय का, मूळ कोडच्या (सोर्सच्या) गठ्ठ्यात आधीच कंपाइल केलेल्या बायनरी फायली लपल्यात का, स्वाक्षऱ्या जुळतात का. कोड स्वतःच्या मशीनवर कंपाइल करून, चालवून पाहणंही अपेक्षित असतं. पण दहा हजार युजर एकदम आले तर काय होईल, पासवर्ड कुठे उघडा पडतो, डिझाइन शहाणपणाचं आहे का, हे त्या मतदानाचे विषयच नाहीत. पूर्ण प्रकल्पाचा दर्जा द्यायच्या वेळीही कस लागतो तो समाजाचा: निर्णय उघड्यावर होतात का, सगळी सूत्रं एकाच कंपनीच्या हातात आहेत का, नवे लोक आत येतात का, नाव दुसऱ्या कुणाच्या ट्रेडमार्कला धक्का देत नाही ना.

म्हणजे हा आयएसआय मार्क नाही, ही हाउसिंग सोसायटीची नोंदणी आहे. नोंदणीचा दाखला सांगतो की सभासद आहेत, निवडणूक होते, इतिवृत्त लिहिलं जातं आणि बिल्डर उद्या उठून जागा परत मागू शकत नाही. गच्ची गळते की नाही, हे त्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीतच का करतो, कोण जाणे.

“इन्क्युबेटिंग म्हणजे कच्चं.” इथे बाहेरचा माणूस शब्दालाच फसतो. अंडं उबवतायत म्हणजे पिल्लू अजून बाहेर यायचंय, असं त्याला वाटतं. नेटबीन्स घ्या, प्रोग्राम लिहायचं साधन. इंजिनिअरिंगच्या जावा लॅबमध्ये ज्याने पिढ्या घडवल्या (आणि ज्याच्या लोडिंगच्या पट्टीकडे बघत आम्ही चहा संपवला), ते १९९६ साली प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेलं. २०१६ मध्ये ते अपाचीत आलं आणि एप्रिल २०१९ पर्यंत नावाला ‘इन्क्युबेटिंग’ची शेपटी. वीस वर्षांचं घोडं, दाखला बालवाडीचा! ग्रूव्हीचंही तेच. ही प्रोग्रामिंगची भाषा २००३ पासूनची, पण २०१५ मधले काही महिने पॉडलिंग. एअरफ्लो तर २०१६ ते २०१९ इन्क्युबेटरमध्ये असतानाच कितीतरी कंपन्यांची रात्रपाळीची कामं उरकत होतं.

प्रत्येक पॉडलिंगसोबत एक डिस्क्लेमर येतं, आणि ते नेमकं हेच सांगतं. आशय असा: इन्क्युबेशनमध्ये असण्यावरून कोड किती पूर्ण किंवा स्थिर आहे हे ठरतंच असं नाही, मात्र प्रकल्पाला फाउंडेशनची पूर्ण मान्यता अजून मिळालेली नाही. तीन वाक्यं आहेत. वाचत कुणी नाही.

उलट दिशेचं उदाहरणही देतो, नाहीतर मी इन्क्युबेटरचा वकील वाटेन. गूगलने २००९ साली वाजतगाजत आणलेलं वेव्ह (गप्पा आणि एकत्र लिखाणाचं साधन) २०१० मध्ये गुंडाळलं आणि त्याच वर्षाअखेरीस ते इन्क्युबेटरमध्ये आलं. सात वर्षं तिथे राहिलं, पूर्ण प्रकल्प कधीच झालं नाही, आणि जानेवारी २०१८ मध्ये निवृत्त झालं. शेपटी तीच. सांगायचा मुद्दा, शेपटीवरून जनावर ओळखता येत नाही.

“मागे पैसा आहे.” फाउंडेशनकडे प्रायोजकांचा पैसा येतो, पण तो सर्व्हर, कायदेशीर कामं, संमेलनं यांवर जातो. कोड लिहायला फाउंडेशन कुणालाही पगार देत नाही. लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्यांच्या त्यांच्या कंपन्या देतात, उरलेले रात्री जागतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमधलं (जावा प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी अपाचीची लायब्ररी) सुरक्षेचं छिद्र उघड झालं तेव्हा जगभरच्या ऑफिसांचे शनिवार-रविवार गेले. त्या छिद्राला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले होते. अख्खं जग ज्या लायब्ररीवर टेकलेलं, तिची डागडुजी मूठभर स्वयंसेवक फावल्या वेळात करत होते. आणि हा नवा पॉडलिंग नव्हे, मुरलेला प्रकल्प. ज्या सोयीतून छिद्र पडलं ती २०१३ पासून कोडमध्ये होती.

“बंद पडणार नाही.” अपाचीकडे बंद पडलेल्यांसाठी वेगळी जागाच आहे, नाव अ‍ॅटिक. म्हणजे आपला माळा. आपणही वस्तू टाकत नाही, माळ्यावर चढवतो. कधी लागलीच तर आहे, पण तिला तेल कुणी घालत नाही. हडूपच्या (प्रचंड डेटा हाताळायच्या सॉफ्टवेअरच्या) भरात असंख्य टीमनी ज्यावर डेटा वाहिला ते स्कूप २०२१ मध्ये माळ्यावर गेलं. वर उल्लेख केलेलं फाल्कनही, पूर्ण प्रकल्प होऊन मग, २०१९ मध्ये.

“लिनक्स फाउंडेशनचंही तसंच” ही जोडशेपटीही येते. ते तसंच नाही. ती उद्योगांची संघटना आहे, तिच्या छत्राखाली कुबरनेटीसवाली सीएनसीएफ (क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन) आहे, आणि त्यात सँडबॉक्स, इन्क्युबेटिंग, ग्रॅज्युएटेड अशा वेगळ्याच पायऱ्या. ‘इन्क्युबेटिंग’ शब्द दोन्हीकडे आहे. अपाचीत ती पहिली पायरी, सीएनसीएफमध्ये मधली. आणि लिनक्स फाउंडेशनच्या प्रत्येक प्रकल्पावर लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची नजर फिरलेली असते हेही कृपया विसरा.

मग नावाला किंमत काय? आहे, आणि मी ती कमी लेखत नाही. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने लायसन्स बदललं तेव्हा जुन्या कोडवरून वाल्की निघालं आणि महिना संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. नाव कोरं, कोड जुना, हात अनुभवी. त्याला छत्र हवं होतं ते एवढ्यासाठी, की पुन्हा एकाच कंपनीच्या मनावर सगळं अवलंबून राहू नये.

आमच्या शीटमधला ‘अपाची: हो/नाही’ रकाना मी काढला नाही. त्याचे गुण पाचावरून एकावर आणले आणि शेजारी तीन रकाने वाढवले: गेल्या वर्षभरात कोड घालणारे किती, त्यांतले एकाच कंपनीचे किती, आणि शेवटची सुरक्षा-दुरुस्ती कळल्यापासून किती दिवसांत आली. पहिल्याच बैठकीत एका वरिष्ठांनी विचारलं, “हे सगळं भरायला वेळ कुणाला आहे?” ते तिन्ही रकाने अजून रिकामे आहेत.