'टॉप 2 टक्के'चा फ्लेक्स लावण्याआधी

'जगातील टॉप 2 टक्के शास्त्रज्ञांत कोल्हापूरचे डॉक्टर' अशी बातमी दरवर्षी येते. सत्कार होतात, चौकात फ्लेक्स लागतात. अभिनंदन मनापासून करा. पण त्या यादीत नेमकं काय मोजलंय, हे शाल-श्रीफळ देणाऱ्यालाही माहीत हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसच्या आकडेवारीवरून ही यादी काढतात. खरं तर याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षाची. आपलं नाव कुठल्या यादीत आहे हे बातमीत लिहिलंच पाहिजे. या यादीची जमेची बाजू म्हणजे ती नुसती सायटेशन, म्हणजे एखाद्या पेपरचे इतर पेपरमध्ये आलेले संदर्भ, मोजत नाही. एकट्याने लिहिलेला पेपर, पहिलं नाव, शेवटचं नाव यांचा वेगळा हिशोब धरते आणि स्वतःच्याच पेपरला दिलेले संदर्भ वगळूनही क्रमांक दाखवते.

वैद्यकशास्त्रात हे फार मोलाचं आहे. पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं असतं, शेवटचं गाइडचं. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जगभरातल्या रोगांच्या अभ्यासाच्या पेपरवर शेकडो लेखक असतात आणि सायटेशन हजारोंच्या घरात. मधल्या गर्दीत नाव असलं तरी गुगल स्कॉलर ही पेपर शोधण्याची सेवा ती सगळी सायटेशन त्या माणसाच्या खात्यात जमा करतं.

एच-इंडेक्सचंही (किमान तितकी सायटेशन मिळालेले तितके पेपर) तसंच. सहा पेपरना 40, 22, 9, 6, 5 आणि 3 सायटेशन असतील तर एच-इंडेक्स 5, कारण पाच पेपरना किमान पाच-पाच सायटेशन आहेत. दुसऱ्याच्या एकाच पेपरला 900 आणि बाकीच्यांना दोन-दोन असतील, तर त्याचा 2. शिवाय नवं काम थांबलं तरी हा आकडा वाढत राहतो. म्हणून निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाची आणि नव्या असिस्टंट प्रोफेसरची यावरून तुलना करणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो नावांचा. 'एस. पाटील' नावाचे संशोधक किती असतील! गुगल स्कॉलर भलत्याच पाटलांचे पेपर प्रोफाइलमध्ये आणून टाकतं. त्यासाठी सेटिंगमध्ये आपोआप भर बंद करून 'आधी ईमेलवर विचारा' हा पर्याय ठेवा. बायकांचं नुकसान उलट बाजूने होतं. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावाने, नंतरचे सासरच्या, आणि स्कोपसमध्ये एकाच बाईची दोन प्रोफाइल तयार. दोन्हीकडे एच-इंडेक्स 6 दिसतो, एकत्र केल्यावर तो 9-10 सुद्धा निघू शकतो. पहिल्या पेपरपासूनच सोळा अंकी ऑर्किड (ORCID, संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढा, नाव एकाच पद्धतीने लिहा, आणि फाटाफूट झालीच असेल तर स्कोपसकडे प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवा. ती मोफत असते. पेपरवरच्या पत्त्यात संस्थेच्या पूर्ण नावासोबत 'कोल्हापूर' हवंच. डी. वाय. पाटील नावाची वैद्यकीय महाविद्यालयं पिंपरीत आणि नवी मुंबईतही आहेत.

निवड समित्यांकडे माझी एकच मागणी आहे. उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे पाच पेपर मागवा आणि ते वाचा. उसाच्या फडातल्या सर्पदंशावरच्या चांगल्या पेपरला सायटेशन कमीच मिळणार, पण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत उपयोग त्याचाच होणार. याउलट लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्डचा 1998 चा पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशन वाढतच आहेत. त्यातली बरीचशी तो चुकीचा कसा, हे सांगणारी आहेत. मोजणीत तीही धरली जातात. म्हणून आलेला प्रत्येक पेपर पबमेड या वैद्यकीय पेपरच्या डेटाबेसवर उघडा आणि त्यावर 'रिट्रॅक्टेड' (मागे घेतलेला) अशी पट्टी नाही ना, एवढं तरी बघा.