एल्मो म्हणजे सगळी गल्ली नव्हे

तिसऱ्या 'झपाटलेला'ची चर्चा सुरू झाल्यापासून पुण्यातल्या माझ्या मित्रांमध्ये एक वाद पेटलाय. लक्ष्मीकांत बेर्डे नसताना या चित्रपटांना अर्थ उरतो का? काही जण म्हणतात, तात्या विंचू आहे ना, मग बास. बाकीच्यांना हे ऐकवतसुद्धा नाही. न्यू जर्सीत हा वाद वाचताना मला सारखा इथला एल्मो दिसतो, 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातला बाहुला.

इथे लहान मुलांच्या कुठल्याही दुकानात शिरा, 'सेसमी स्ट्रीट' म्हणजे लाल केसाळ एल्मो. दप्तरावर तो, मोज्यांवर तो, केकवरही तोच. १९६९ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याची ओळख आठ फुटी पिवळा पक्षी बिग बर्ड ही होती. एल्मोला १९८०च्या दशकात केव्हिन क्लॅश यांनी आवाज दिला आणि तो लाडका झाला. १९९६च्या नाताळात गुदगुल्या केल्या की हसणाऱ्या एल्मोसाठी दुकानांत झुंबड उडाली, आणि १९९८ पासून त्याला कार्यक्रमातच स्वतःचा भाग मिळाला.

एल्मोवर माझा राग नाही. साडेतीन वर्षांच्या पोराचा निरागसपणा त्याच्यात खरोखर आहे. पण तो साडेतीन वर्षांचाच आहे, आणि मुलं मोठी होतात.

मिस्टर हूपर या दुकानदाराचं काम करणारे विल ली १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी त्यांच्या जागी दुसरा नट आणला नाही. १९८३च्या नोव्हेंबरात त्यांनी हूपरचा मृत्यूच मुलांसमोर मांडला. बिग बर्डने सगळ्या शेजाऱ्यांची चित्रं काढलेली असतात. हूपरचं चित्र त्याला स्वतःच्या हाताने द्यायचं असतं, आणि हूपर आता परत येणार नाही हे मोठ्यांना त्याला समजवावं लागतं. असं का व्हावं, या त्याच्या प्रश्नाला कुणाकडेच नीट उत्तर नसतं. लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीवर याहून प्रामाणिक काही मी पाहिलेलं नाही. या प्रसंगाला सहा वर्षांचा बिग बर्डच हवा होता. तसाच कचऱ्याच्या डब्यातला ऑस्करही हवाच. तो सदा वैतागलेला असतो, तरी शेजारी त्याला रोज हाक मारतात. चिडक्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! माझ्या मुलीचा जीव मात्र आकडे मोजणाऱ्या काउंटवर होता. दुकानात तो आम्हाला कधी मिळाला नाही.

परदेशी आवृत्त्यांत निर्मात्यांना हे बरोबर कळलं. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये एचआयव्हीसह जगणारी कामी आली. २००६च्या आपल्या 'गली गली सिम सिम'मध्ये शाळेच्या गणवेशातली चमकी आणि बूंबा सिंह होते. त्या त्या गल्लीतल्या मुलांना काय हवंय ते पाहून बाहुल्या घडल्या.

तात्याचं गणित वेगळं आहे. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हीच १९९३च्या त्या चित्रपटाची कथा. रामदास पाध्यांनी घडवलेला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात बोलणारा तो बाहुला पोस्टरवर एकटा असला तरी बिघडत नाही. पडद्यावर मात्र तो एकटा पुरत नाही. लक्ष्याची बोबडी वळायची म्हणून आपल्याला तात्याची धास्ती वाटायची. २०१३च्या दुसऱ्या भागात बाहुला तोच होता, पण ती धास्ती मला जाणवली नाही. म्हणून मी त्या दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. तिसरा भाग करायचाच तर तात्याइतकीच मेहनत त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसावर घ्यायला हवी.

'सेसमी स्ट्रीट'चा नेटफ्लिक्सशी करार २०२५ मध्ये जाहीर झाला. एल्मोचा भाग आणि बिस्किटवेड्या कुकी मॉन्स्टरचा फूड ट्रकचा भाग परत आणणार, असं तेव्हा सांगितलं गेलं. कुकी मॉन्स्टरसाठी मला मनापासून आनंद झाला. ऑस्कर आणि काउंटलाही असाच हक्काचा वेळ द्यायला हवा होता.