निमूटपणाचं कौतुक करण्याआधी

नक्षलवादाविरुद्ध म्हणून आणलेल्या महाराष्ट्राच्या जनसुरक्षा कायद्यावरून काकांशी फोनवर वाद झाला की ते हमखास म्हणतात, “तुमच्याकडे लोक सरकारचं निमूट ऐकतात. आपल्याकडेच उठसूट विरोध.” मी मेलबर्नमध्ये राहते. इथल्या लोकांनी टाळेबंदीचे एकूण 262 दिवस काढले, हे खरंच. पण निमूटपणाचं कौतुक करणाऱ्यांनी मे 2021 आठवावा.

भारतात दुसरी लाट भरात होती. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्यमंत्र्यांनी जैवसुरक्षा कायद्याखाली आदेश काढला: आधीच्या 14 दिवसांत भारतात राहिलेला कुणीही, अगदी इथला नागरिकसुद्धा, 3 ते 15 मेदरम्यान या देशात उतरला तर तो गुन्हा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, 66,600 डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुमारे 9 हजार ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतातून परतायला बघत होते. माझी मैत्रीण वडिलांच्या आजारपणासाठी नाशिकला गेलेली, नवरा आणि मुलगा इथे. आई आली तर पोलीस पकडतील का, असं ते पोर बापाला रोज विचारायचं. अमेरिका-ब्रिटनमध्ये साथ शिगेला पोचली होती तेव्हा तिथून येणाऱ्या नागरिकांवर अशी बंदी आली नव्हती.

टीका झाली, मानवी हक्क आयोगानेही चिंता व्यक्त केली. पण असा आदेश संसदेला रद्द करता येत नाही, आणि न्यायालयानेही तो वैध ठरवला. इथे राष्ट्रीय पातळीवर हक्कांची सनदच नाही. माझ्या ऑफिसात तर विषय निघाला तसा विरून गेला, कारण तिथे बाकी कुणाचंच माणूस तिकडे अडकलं नव्हतं.

आपल्याकडे 1975ची आणीबाणी भोगल्यावर 44वी घटनादुरुस्ती झाली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही निलंबित करता येत नाही. हे इथल्यापेक्षा भक्कम आहे, आणि भांडून मिळालेलं आहे. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने संमत केलेला जनसुरक्षा कायदा सरकारला संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार देतो. त्यावर बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, याचा मला अभिमान वाटतो.

“अगं, आपण कुठे नक्षलवादी आहोत?” काका विचारतात. काका, ज्या संघटनेच्या मोर्चात तुम्ही कांद्याच्या भावासाठी गेलात, तिच्यावर उद्या शिक्का बसला तर ती बेकायदा आहे की नाही हे आधी सरकारच ठरवणार.