आधी तपासा, मग विका

काल केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून बस निघाली आणि सवयीने मान वर गेली. डुंगरवाडीच्या, म्हणजे पारशी मंडळी आप्तांचे मृतदेह गिधाडांसाठी ठेवत आली त्या जागेच्या, झाडांवर घारी होत्या, कावळे होते. लहानपणी आजीबरोबर हँगिंग गार्डनला जाताना इथेच गिधाडं दिसायची. पंख न हलवता तासन् तास घिरट्या. आजी हात जोडायची, जटायूच्या कुळातली म्हणून. आता गिधाडं नाहीत, म्हणून पारशी मंडळींना तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रणा बसवावी लागली.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात देशात हजारातलं एखादंच उरलं. कारण एक साधं वेदनाशामक, डायक्लोफेनॅक. ते टोचलेलं गुरू दोन दिवसांत दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक ॲसिड साठून आतले अवयव खडू फासल्यासारखे पांढरे पडतात. एका ढोरावर अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शंभरात एखादं ढोर विषारी असलं तरी पुरतं. आणि ही मादी वर्षाला एकच अंडं घालते हो! भर निघणार कशी?

कारण २००४ला सिद्ध झालं, २००६ला जनावरांसाठी बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, त्या ३ मिलीवर आणायला २०१५ उजाडलं. ॲसिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं, तरी ते आणि किटोप्रोफेन २०२३पर्यंत सर्रास चालू. निमेसुलाइड हे आणखी एक वेदनाशामक, ते २०२४ संपता संपता बंद. म्हणजे दरवेळी आधी पक्षी मरायचे, मग बंदी यायची. माझं म्हणणं एवढंच आहे: गुरांचं कुठलंही नवं वेदनाशामक गिधाडांना घातक नाही हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला परवानगीच देऊ नका. मेलॉक्सिकॅमसारखं सुरक्षित औषध हाताशी असताना घाई कुणाला आहे?

गेल्या मे महिन्यात म्हसळ्याला मामाचा बैल लंगडत होता. याच तालुक्यात चिरगावला गिधाडं अजून घरटी करतात. औषधवाल्याने काही न विचारता माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या चार बारक्या बाटल्या मामाच्या हातात ठेवल्या. मी वाचलं म्हणून कळलं. मामाचा काय दोष? "बैल उभा राहिला म्हणजे झालं रे," म्हणाला. त्या परत केल्या, पशुवैद्याला बोलावलं, त्यांनी मेलॉक्सिकॅम दिलं. बैल तिसऱ्या दिवशी चालायला लागला. मेलॉक्सिकॅमची रिकामी बाटली मामाने गोठ्याच्या वाशाला सुतळीने बांधून ठेवलीय, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला.