पलंग वर-खाली होतो तो कुणासाठी?

‘तुमच्याकडे सरकार सगळं फुकट देतं, तुला काय कळणार!’ तासगावजवळच्या आमच्या गावाहून दादाचा हा टोमणा मला जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, वरचेवर ऐकावा लागतो. अण्णांना अर्धांगवायू झाल्यापासून घरात वाद एकच, पलंग कुठला घ्यायचा. दुकानदार सेमी-फाउलर दाखवतो: हँडल फिरवलं की पाठ वर. फाउलरमध्ये गुडघ्यांकडचा भागही उचलतो, म्हणून माणूस खाली घसरत नाही आणि माकडहाडापाशी कातडी ओढली जाऊन जखम होण्याची भीती कमी होते. इथपर्यंत सगळ्यांचं पटतं. अख्खा पलंगच वर-खाली होणारा ‘हाय-लो’ म्हटलं की मात्र ती चैन ठरते. आपल्याकडे करायला माणसं आहेत की!

माणसं म्हणजे वहिनी. डायपर, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं ती गुडघ्याएवढ्या पलंगावर वाकून करते. उंची मुख्यतः तिच्या कमरेसाठी लागते. पैसे कमी पडत असतील तर मोटर आणि रिमोट सोडा, उंची सोडू नका, असं माझं मत आहे. हाताने फिरवायचे हाय-लोही मिळतात, आणि वीज गेली तरी ते अडत नाहीत.

राहिला फुकटचा मुद्दा. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. २०२५ पासून त्यासाठी पगाराच्या ३.६ टक्के कापले जातात, साधारण निम्मे मालक भरतो. मूलबाळ नसलेल्यांना ०.६ टक्के जास्त. तपासनीस घरी येऊन गरजेची १ ते ५ मधली श्रेणी ठरवतो, मग पलंग बहुधा उसना मिळतो. गरज संपली की परत जातो, निर्जंतुक होऊन दुसऱ्या घरी लागतो. कागदपत्रं मात्र जीव खातात. शिवाय तो पलंग एकट्याचा, त्यामुळे जन्मभर शेजारी झोपलेलं जोडपं वेगळं होतं. त्याचा विचार इथेही फारसा कुणी करत नाही.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली: पासष्टीपुढच्या गरजूंना एकदाच ३,००० रुपये. त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि कमरेला बांधायचा लंबर बेल्टही आहे. बेल्ट अर्थात म्हाताऱ्या माणसासाठी, त्याला उचलणारीसाठी नाही. एवढ्या पैशांत हाय-लो येणं शक्यच नाही, आणि प्रत्येकाने तो विकत का घ्यावा? अनामत घेऊन साहित्य वापरायला देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आपल्याकडे आहेतच. पण तिथले पलंग बरेचदा कुणाचं माणूस गेल्यावर दान आलेले असतात, म्हणजे लोक जे विकत घेतात तेच फिरत राहतं. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते थोडेथोडे वाटून टाकण्यापेक्षा आसपासच्या गावांनी मिळून चार-पाच हाय-लो घ्यावेत आणि असल्या केंद्रात ठेवावेत.

दादा म्हणतो, ग्रामसभेत विषय काढतो. वहिनीला बोलू दे, असं मी त्याला सांगितलंय.